कोंबडखत तापू द्या, मगच वाफ्यात घाला



परसबागेच्या वाफ्यांवर आपण बोललो, तेव्हापासून गटांच्या बैठकांत एकच प्रश्न फिरतो आहे. पोल्ट्रीचं खत भाजीला घालावं की घालू नये? एक मैत्रीण म्हणते, "घातलं की मेथी कशी काळीभोर होते." दुसरी म्हणते, "त्यात औषधं असतात, ती पोरांच्या पोटात जातील." दोघींचंही म्हणणं खरं आहे. म्हणून आज आपण कोंबडखतातल्या औषधांबद्दल बोलू. ती तिथं येतात कशी, खताचा ढीग तापला की त्यातली कोणती जातात, कोणती राहतात, आणि आपल्या हातात काय आहे, हे एकेक करून पाहू.

आधी हा विषय बायकांचा का, ते सांगतो. आपल्याकडे बऱ्याच जणींच्या घरी करारावरची पोल्ट्री आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि राबणं आपलं. बॅच गेली की कोंबड्या गाडीत जातात आणि मागे उरते ती गादी, म्हणजे तूस आणि विष्ठा मिसळलेला थर. कोंबड्या कंपनीच्या, पण खत आपलं. ते आपण विकतो, रानात टाकतो, परसबागेत टोपल्याने नेऊन घालतो. त्यातून चार पैसे मिळतात, म्हणून ते सोडूनही चालणार नाही. पण त्या गादीत जे काही उरलेलं असतं, तेही आपल्याच वाट्याला येतं. गादी उपसणारे हात आपले असतात आणि वाफ्यात खेळणारी लेकरंही आपलीच असतात.

औषध गादीत कसं येतं?

पोल्ट्रीत औषध बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्यातून किंवा खाद्यातून देतात. कोंबडीच्या पोटात गेलेलं सगळं औषध अंगी लागत नाही. काही औषधं आतड्यातून रक्तात कमीच शोषली जातात आणि बराचसा भाग जसाच्या तसा विष्ठेतून बाहेर पडतो. काही रक्तात जातात, पण तीही थोडीफार बदलून शेवटी बाहेरच येतात. शिवाय ड्रिंकर गळतो, खाद्य सांडतं, तेही गादीतच मुरतं. म्हणून औषध दिलेल्या बॅचची गादी म्हणजे औषध मुरलेली गादीच समजायची.

ही औषधं कोणती? पुडीवर किंवा बाटलीवर बारीक अक्षरात नाव असतं. शेवटी 'सायक्लिन' असेल तर ते टेट्रासायक्लिनच्या घरातलं, जसं ऑक्सिटेट्रासायक्लिन, क्लोरटेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन. शेवटी 'फ्लॉक्सॅसिन' असेल तर ते दुसऱ्या घरातलं, जसं एन्रोफ्लॉक्सॅसिन. सुरुवातीला 'सल्फा' असेल तर ते सल्फा औषध. टायलोसिन हे श्वासाच्या त्रासावर वापरतात. ही सगळी प्रतिजैविकं, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती. याशिवाय रक्ती हगवण होऊ नये म्हणून खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं घातलेली असतात. ती तर आपल्याला दिसतही नाहीत, कारण खाद्य गोणीतून तयारच येतं.

ही नावं पाठ करायची गरज नाही. घरं तेवढी ओळखता आली पाहिजेत, कारण ढीग तापल्यावर प्रत्येक घरातलं औषध वेगळं वागतं. ते पुढे येईलच.

काळजी कशाची?

एखाद्या भाजीच्या घासाने लगेच कुणी आजारी पडेल, अशी ही गोष्ट नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी औषध मिसळलेलं डुकरांचं खत घालून मका, पातीचा कांदा आणि कोबी लावला. क्लोरटेट्रासायक्लिन तिन्ही पिकांत उतरलं, पण अगदी अल्प प्रमाणात. टायलोसिन उतरलंच नाही. तेव्हा घाबरून भाजी खायची सोडू नका. पण औषध मातीतून रोपात जाऊ शकतं, एवढं यातून कळतं.

खरी काळजी जंतूंची आहे. गादीत जंतू कोट्यवधी असतात. त्यांना औषधाचा थोडा थोडा डोस रोज मिळत राहिला, तर कमजोर जंतू मरतात आणि जे त्या औषधाला पुरून उरतात, त्यांचीच पैदास वाढते. हे चिवट जंतू आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. मग कधी आपल्यालाच किंवा लेकराला त्या जंतूचा संसर्ग झाला, तर डॉक्टरांनी दिलेलं औषध लागू पडत नाही. पोल्ट्रीतली बरीच औषधं आणि माणसांची औषधं एकाच घरातली आहेत, म्हणून हे होतं. एन्रोफ्लॉक्सॅसिन कोंबडीच्या अंगात गेलं की त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतो, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी तर आपल्या गावातल्या मेडिकलमध्येही मिळते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान आणि पंजाब या चार राज्यांतल्या १२ पोल्ट्री फार्मांची गादी आणि आसपासची माती तपासली. गादीतले पुष्कळ जंतू एकापेक्षा जास्त प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. आणि जिथं ती गादी खत म्हणून टाकली होती, तिथल्या शेतातल्या ई. कोलाय जंतूंमध्येही तसाच चिवटपणा दिसला. म्हणजे शेडमधली गोष्ट खताबरोबर रानापर्यंत पोचली होती. कच्ची गादी रानात टाकायची नाही, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

ढीग तापतो म्हणजे काय होतं?

ओला कडबा गंजीत रचला तर आतून तापतो, हे आपल्याला माहीत आहे. थंडीत सकाळी उकिरडा उकरला की वाफ येते, तेही पाहिलेलं आहे. ही उष्णता बाहेरून आलेली नसते. आतले जंतू काडीकचरा आणि विष्ठा खातात, श्वास घेतात, आणि त्यातून उष्णता निघते. ढीग मोठा असेल तर ती बाहेर जायला वाट मिळत नाही आणि आतलं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. आंघोळीचं कडक पाणी साधारण ४० ते ४५ अंशांचं असतं. त्यावरून अंदाज करा.

या उष्णतेत दोन कामं होतात. रोगाचे बरेचसे जंतू, कृमींची अंडी आणि तणाचं बी मरतं. आणि काही औषधांचे रेणू, म्हणजे त्यांचे अगदी बारीक कण, मोडतात. नुसती उष्णता ते मोडत नाही. ओलावा, ढिगातल्या जंतूंचं काम आणि दिवस, हे सगळं मिळून ते होतं. म्हणून कोरडी गादी उन्हात पसरून ठेवली की झालं, असं नाही. उन्हाने वरचा पापुद्रा वाळतो, खालचा थर तसाच राहतो. गादी वाळली की जंतूंचं कामही थांबतं.

कोणतं औषध जातं, कोणतं राहतं?

याचा एक चांगला अभ्यास २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टर्की पक्ष्यांच्या गादीत चार औषधं मिसळून शास्त्रज्ञांनी ती तीन प्रकारे कुजवली. एक नुसता ढीग घालून, दुसरा ढीग पलटी देऊन नीट सांभाळून, आणि तिसरी बंद टाकीत. तीन ते पाच आठवड्यांनी पाहिलं, तर क्लोरटेट्रासायक्लिन ९९ टक्क्यांहून जास्त नाहीसं झालं होतं. मोनेन्सिन आणि टायलोसिन ५४ ते ७६ टक्के कमी झालं होतं. सल्फामेथाझिन मात्र जवळपास होतं तेवढंच राहिलं.

यात आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, महागडी टाकी लागत नाही. सुरुवातीला पाणी मारून ओलावा नीट केला, तर साध्या ढिगातही औषध तितकंच उतरलं. दुसरी म्हणजे, सगळी औषधं सारखी नसतात.

'सायक्लिन'वाली औषधं ओल्या उष्णतेत टिकत नाहीत. ढीग नीट तापला तर त्यांचा बहुतेक भाग जातो. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या घरातली औषधंही लवकर मोडतात. टायलोसिन आणि रक्ती हगवणीची औषधं हळूहळू कमी होतात, त्यांना जास्त दिवस द्यावे लागतात.

'फ्लॉक्सॅसिन'वाली औषधं हट्टी आहेत. त्यांचा रेणू उष्णतेला घट्ट असतो. मांस शिजवलं तरी त्यात असलेलं एन्रोफ्लॉक्सॅसिन फारसं मोडत नाही. ती खताच्या आणि मातीच्या कणांना चिकटूनही बसतात. सल्फा औषधांची तऱ्हा वेगळी. ती पाण्याबरोबर चालू लागतात, म्हणून उघड्या ढिगावर पाऊस पडला की ओघळाबरोबर विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ शकतात.

नुसत्या उष्णतेवर भरवसा का ठेवायचा नाही, याचं आणखी एक उदाहरण सांगतो. कोंबडीच्या पिसांना मोठ्या कारखान्यात दाबाखाली, वाफेवर शिजवून त्यांची भुकटी करतात. ती खत म्हणून आणि जनावरांच्या खाद्यात वापरतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशा भुकटीचे १२ नमुने तपासले, त्यात अमेरिकेचे आणि चीनचे होते. प्रत्येक नमुन्यात औषधांचे अंश सापडले. आपला ढीग त्या कारखान्याइतका तापतही नाही. मात्र ढिगात जंतू काम करतात आणि दिवस मिळतात, म्हणून त्याचा उपयोग होतो. पण ढीग तापला म्हणजे सगळं धुऊन निघालं, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

ढीग रचायचा कसा?

आता कामाचं. जागा थोडी उंच, मुरमाची किंवा ठोकून घट्ट केलेली घ्यावी. विहीर, हातपंप आणि ओढ्यापासून लांब असावी. सभोवती लहानसा बांध घालावा, म्हणजे ओघळ बाहेर जाणार नाही. पावसाळ्यात वर छप्पर किंवा ताडपत्री हवीच.

कोंबडखत फार जोरकस असतं. त्यात नत्र पुष्कळ आणि काडीकचरा कमी. एकट्याचा ढीग केला तर नाकाला झोंबणारा वास येतो. तो वास म्हणजे नत्र, म्हणजे आपलं खतच हवेत उडून जात असतं. म्हणून सुकं काहीतरी मिसळावं लागतं. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, गव्हाचा भुसा, वाळका पालापाचोळा, बारीक केलेल्या तुऱ्हाट्या, जे घरचं असेल ते चालेल. ब्रॉयलरच्या गादीत तूस आधीच असतं, म्हणून तिथं एक घमेलं गादीला एक घमेलं सुकं पुरतं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या पिंजऱ्याखालचं खत ओलं आणि घट्ट असतं. त्यात एका घमेल्याला दोन ते तीन घमेली सुकं घालावं. हे प्रमाण सुरुवातीसाठी. वास झोंबला तर सुकं वाढवा.

मग पाणी. बहुतेक ठिकाणी ढीग तापत नाही तो इथंच. गादी हाताला कोरडी लागते, ती तशीच रचली तर आठ दिवसांनीही गारच राहते. थर घालता घालता झारीने पाणी मारत जावं. ओलावा बरोबर झाला का, हे मुठीवरून कळतं. मिश्रण मुठीत घट्ट दाबा. गोळा झाला आणि बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला, तर बरोबर. पाणी गळलं तर जास्त झालं, सुकं मिसळा. गोळा फुटला तर कमी आहे, आणखी मारा. हे हातमोजे घालूनच करायचं.

ढिगाची उंची चार फूट, रुंदी पाच-सहा फूट, लांबी खत असेल तितकी. तीन फुटांपेक्षा लहान ढीग उष्णता धरून ठेवत नाही. खत थोडं असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक ढीग घालावा. गटाचं काम म्हणून ते सोपंही जातं. खत पायाने तुडवून दाबू नका, आत हवा राहिली पाहिजे. वरून वाळक्या पाचटाचा वीतभर थर द्यावा. त्याने वास कमी होतो, माश्या कमी होतात आणि उष्णता आत राहते.

दोन ते चार दिवसांत ढीग तापू लागतो. पशुसखीकडे किंवा गटाकडे लांब दांड्याचा थर्मामीटर असेल तर उत्तम. ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून पाहावं. ५५ ते ६५ अंश हवेत. ७० च्या वर गेलं तर कामाचे जंतूच मरायला लागतात, तेव्हा पलटी द्यावी. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून आतलं टोक जपून हाताला लावा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. नुसती कोमट लागली तर ओलावा आणि हवा पाहा. सळईचा हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

पलटी द्यायला कंटाळा येतो, पण ती टाळू नका. ढिगाचा मधला भाग तापतो, बाहेरचा वीत-दीड वीत थर गारच राहतो. पलटी देताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर आलं पाहिजे. अमेरिकेत सांडपाण्याच्या गाळापासून उघड्या ढिगात खत करताना एक नियम पाळतात. ढीग १५ दिवस ५५ अंशांच्या वर राहिला पाहिजे आणि त्या काळात निदान पाच वेळा पलटी दिली पाहिजे. तो नियम रोगजंतूंसाठी आहे, पण आपल्यालाही तो धरून चालता येईल. पहिले तीन आठवडे दर चार दिवसांनी पलटी, आणि सुकलं असेल तर त्याच वेळी पाणी. प्रत्येक पलटीनंतर ढीग थोडा निवतो आणि पुन्हा तापतो. तापायचा थांबला की पलटी बंद.

मग तो सहा ते आठ आठवडे मुरू द्यायचा. हा काळ वाया जात नाही. हळू मोडणारी औषधं याच दिवसांत आणखी कमी होतात. म्हणजे रचल्यापासून अडीच ते तीन महिने धरा. गांडुळं सोडायची असतील तर ढीग पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर बिचारी मरतात.

खत तयार झालं की त्याला मातीसारखा वास येतो, झोंबत नाही. तूस सोडून बाकीचं ओळखू येत नाही. ओलं केलं तरी पुन्हा तापत नाही. एका कुंडीत खत-माती आणि दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत मेथी पेरून पाहा. दोन्हीकडे सारखी उगवली तर खत मुरलेलं आहे. पण एक लक्षात ठेवा. ही परीक्षा खत मुरल्याची आहे, औषध गेल्याची नाही. औषधाचा अंश वासाने, रंगाने किंवा मेथीने कळत नाही. तो प्रयोगशाळेतच मोजावा लागतो.

मग आपल्या हातात काय?

औषध मोजता येत नाही, पण लिहून ठेवता येतं. आमच्या गटांत आम्ही बचतीच्या वहीसारखी एक औषधाची वही ठेवायला सांगतो. बॅच कधी आली, कोणतं औषध दिलं, किती दिवस दिलं, शेवटचा डोस कधी, एवढंच. वाचता येत नसेल तर पुडीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शाळेतली लेक लिहून देईल. औषध द्यायला सुपरवायझर आला तर नाव विचारा. "ताई, तुम्हाला काय करायचंय?" असं कुणी म्हणालं, तर सांगा, "खत माझ्या रानात जाणार आहे, म्हणून विचारते." विचारायचा आपल्याला हक्क आहे.

वहीवरून खताची वाटणी करता येते. औषध न दिलेल्या किंवा फक्त 'सायक्लिन' दिलेल्या बॅचचा ढीग नीट तापला आणि मुरला, तर तो परसबागेला चालेल. 'फ्लॉक्सॅसिन' किंवा 'सल्फा' दिलेल्या बॅचचा ढीग वेगळा रचा आणि जास्त दिवस मुरू द्या. तो कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात अशा कच्च्या खायच्या भाज्यांना घालू नका. बांधावरची झाडं, कपाशी किंवा ऊस यांना घाला. खत विकताना गोणीवर बॅचची तारीख आणि दिलेलं औषध लिहिलेली चिठ्ठी बांधा. घेणाऱ्याला कळतं की या बाया हिशोबाने काम करतात, आणि तो पुढच्या वेळी आपल्याकडेच येतो.

त्याहून मोठं काम म्हणजे औषधाची वेळच कमी येऊ देणं. ढिगात जे मोडत नाही, ते गादीत कमी गेलं तरच रानात कमी जाईल. मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूंचे रोग आहेत, त्यांच्यावर प्रतिजैविकाचा काही उपयोग होत नाही. त्यासाठी लस वेळेवर द्यावी. गादी रोज हलवून कोरडी ठेवावी, गळका ड्रिंकर त्याच दिवशी दुरुस्त करावा, शेडमध्ये दाटी करू नये. सर्दी-खोकला दिसला की दुकानातून पुडी आणू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. वजन वाढावं म्हणून तर प्रतिजैविक कधीच देऊ नका. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध आहे. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये ते कोंबड्या आणि इतर खाद्य-जनावरांसाठी बनवायला आणि विकायला बंदी घातली. ते नाव पुडीवर दिसलं तर घेऊ नका.

औषध दिलंच, तर थांबायचे दिवस पाळा. शेवटच्या डोसनंतर अंडी किंवा मांस किती दिवस विकायचं नाही, हे औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं. ज्या औषधासाठी असा कालावधी तपासून ठरवलेला नाही, त्यासाठी आपल्या देशात २०१२ पासून नियम आहे. अंड्यांना किमान ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसाला किमान २८ दिवस. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकला जातो, हे लक्षात घेतलं तर शेवटच्या दिवसांत दिलेलं औषध किती जोखमीचं आहे ते कळेल.

बैठकीत विचारले जाणारे प्रश्न

गादी जाळून टाकली तर? जाळू नका. धूर आपल्याच घरात येतो आणि नत्र उडून जातं. हवा न लागू देता फार मोठ्या तापमानावर भाजून कोळसा करण्याची पद्धत आहे. तेवढ्या तापमानात औषधं मोडतात, पण त्यासाठी नीट भट्टी लागते. ते घरच्या डब्यात करायचं काम नव्हे.

गोबरगॅसमध्ये घातलं तर? गॅस मिळेल. पण तिथं तापमान ढिगाइतकं चढत नाही, म्हणून बाहेर आलेली मळी पाचटात मिसळून पुन्हा ढिगात तापवावी.

जनावरांनी गादीला तोंड लावलं तर? लावू देऊ नका. रक्ती हगवणीचं मोनेन्सिन कोंबडीला चालतं, घोड्याला मात्र थोडंही जीवघेणं ठरू शकतं. गादीत मेलेली कोंबडी कुजलेली असेल तर गाई-म्हशींना विषबाधा होऊ शकते. ढिगाला काटेरी कुंपण घाला. मेलेल्या कोंबड्या ढिगात टाकू नका. चुना घालून खोल पुरा, आणि एकदम जास्त मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

आपली काळजी काय घ्यायची? गादी उपसताना तोंडाला ओला न झालेला मास्क किंवा फडकं, हातात मोजे, पायात बूट. धूळ उडू नये म्हणून आधी पाण्याचा हलका शिडकावा. गरोदर बाईने आणि दम्याचा त्रास असलेल्या मैत्रिणीने हे काम घेऊ नये, गटातल्या दुसरीने घ्यावं. काम झालं की साबणाने हात-पाय धुऊन मगच चुलीकडे आणि लेकराकडे जायचं. ते कपडे वेगळे धुवा.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या शेडच्या कोपऱ्यात रिकाम्या पुड्या आणि बाटल्या पडलेल्या असतील. त्यांची नावं वाचा किंवा वाचून घ्या आणि वहीत लिहा. गटाच्या पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. कोणती गादी कुठल्या ढिगात जाईल आणि कुठल्या रानात जाईल, हे आपण मिळून ठरवू.

नमस्कार.